अमळनेरहून दोन लहान मुलांना घेऊन दोन रात्रींची शहरसहल : कोणते शहर निवडावे?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा मुलगा अडीच वर्षांचा आणि सोबत सासूबाई, असे आम्ही पाच जण डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन रात्रींसाठी बाहेर पडण्याचा विचार करत आहोत. सासूबाईंना सपाटीवर चालता येते, मात्र जिने चढवत नाहीत. देवदर्शन आणि थंड हवेची ठिकाणे या वेळी नकोत, कारण मुलीला ‘मोठे शहर’ पाहायचे आहे आणि तिच्या लेखी मोठे शहर म्हणजे सरकता जिना, उंच इमारती आणि वाघ. धाकटा दुपारी एक ते तीन झोपतो. ती झोप हुकली की संध्याकाळ घरातल्या सगळ्यांचीच वाया जाते. मोटारीत त्याला घाटात उलट्या होतात, हेही सांगून ठेवते.

घरात मुंबई, नाशिक, इंदूर आणि सुरत अशी चार नावे निघाली असून प्रत्येक नावाला एकेक वकील लाभला आहे. माझा हट्ट एवढाच आहे की परत आल्यावर सुटी संपल्याचे वाईट वाटावे, सुटका झाल्यासारखे वाटू नये. यापूर्वी लहान मुलांना घेऊन जाऊन आलेल्यांनी शहर कोणते, कसे जावे आणि दिवस कसा आखावा, याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

रुळावरचा माणूस (भुसावळ)

ताई, माझा सगळा जन्म रेल्वेत गेला आणि आता नातवंडांना फिरवण्यात जातो आहे, त्यामुळे मी गाडीच्या बाजूनेच बोलेन. शहरात काय काय पाहायचे याची यादी बाजूला ठेवून आधी एक हिशेब करा : सकाळी न्याहारी करून घरातून निघालो, तर धाकट्याच्या झोपेच्या वेळेपर्यंत खोलीतल्या पलंगावर पोहोचतो का? मुले प्रेक्षणीय स्थळांनी दमत नाहीत, ती फलाटावर थांबून, रिक्षा शोधून आणि खोली मिळण्याची वाट पाहून दमतात. आणि मुले दमली की मोठ्यांचे आपसांत वाजते.

या कसोटीवर मुंबई बाद होते. मुंबई वाईट आहे असे नव्हे, पण आपल्याकडून सोयीच्या म्हणून लोक रात्रीच्या गाड्या धरतात, त्या पहाटे दादरला किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरवतात, आणि बहुतेक हॉटेले दुपारी बारापूर्वी खोलीचा ताबा देत नाहीत. तेवढे तास अडीच वर्षांचे मूल, झोपमोड झालेली आजी आणि तीन बॅगा प्रतीक्षालयात सांभाळायच्या म्हणजे सहलीचा पहिला दिवस तिथेच संपला. इंदूरला तुमच्याकडून सोयीची थेट गाडी नाही आणि रस्त्याने जायचे तर शिरपूर सोडल्यावर सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट लागतो. उलट्यांचा उल्लेख तुम्हीच केला आहे.

उरते सुरत. अमळनेर हे भुसावळ-सुरत या तापी खोऱ्यातल्या मार्गावरचेच स्थानक असल्याने गाडी बदलावी लागत नाही, मार्ग दुहेरी झाल्यापासून क्रॉसिंगसाठी ताटकळणेही कमी झाले आहे, आणि जलद गाडी चार ते पाच तासांत पोहोचवते. तिकीट काढताना गाडी सुरतला थांबते की केवळ उधन्याला, हे आवर्जून पाहा, कारण या मार्गावरच्या काही गाड्या सुरत स्थानकात न थांबता त्याच्या अलीकडच्या उधन्यालाच थांबतात. उधन्याला उतरण्यात वावगे काही नाही. फक्त खोली त्या हिशेबाने घ्यावी.

भाड्याचे नियम असे आहेत. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा मागितली नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी शयनयानात वेगळा बर्थ मागितला तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते आणि बर्थ नको असल्यास अर्धे. माझे मत विचाराल तर मुलीचे पूर्ण तिकीट काढा. दिवसाच्या प्रवासात तो चौथा बर्थ धाकट्याला आडवे करायला, डबे उघडायला आणि चित्रकलेची वही पसरायला उपयोगी पडतो. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून राहिलेली नाही. नाताळच्या आठवड्यासाठी ते उघडल्या दिवशीच करून ठेवावे.

वाटेत नवापूर लागेल. हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, तिथल्या एका बाकड्याच्या मधोमध राज्याची सीमा रंगवलेली आहे आणि घोषणा चार भाषांत होतात. गाडी थांबली तर मुलीला खिडकीतून दाखवा. उतरून बाकड्यावर बसवण्याचा मोह मात्र टाळावा, थांबा फार थोडा असतो.

पांझराकाठ (धुळे)

वरील काकांचा अनुभव मोठा आहे, तरी नाशिकची बाजू कोणी तरी मांडायला हवी. स्वतःची मोटार असेल तर अमळनेरहून धुळे आणि तिथून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक, असा चारएक तासांचा रस्ता आहे. मूल रडले की थांबता येते, सामानाची मोजदाद करावी लागत नाही आणि शहरात पोहोचल्यावर रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. उलट्यांचे म्हणाल तर हा रस्ता बहुतांशी सरळ आहे. चांदवडजवळचा राहुड घाट तेवढा लागतो, तोही लहानसा आहे. नाशिकमध्ये महापालिकेचे यशवंतराव चव्हाण तारांगण आहे. अंधाऱ्या घुमटात तारे पाहण्याचे अप्रूप सहा वर्षांच्या मुलीला नक्की वाटेल. गोदाकाठी रामकुंडाच्या परिसरात संध्याकाळी आजीही रमतील. पांडवलेणी मात्र सासूबाईंसाठी वगळा, तिथे पायऱ्याच पायऱ्या आहेत.

एसटीने जायचे असल्यास २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना काहीच भाडे नाही, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते. सुरतच्या बसमध्ये सीमेपुढचे पूर्ण भाडे द्यावे लागेल.

रुळावरचा माणूस (भुसावळ)

पांझराकाठ, सिंहस्थाचे विसरलात. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी नाशकात रस्त्यांची आणि घाटांची कामे चालू आहेत, आणि ज्या गोदाकाठावर आजींना रमवायचे म्हणता, नेमक्या त्याच भागात ती अधिक आहेत. शिवाय तारांगण झाले, गोदाकाठ झाला. मुलीने मागितलेला वाघ नाशकात कुठून आणणार?

उधन्याचा खान्देशी (सुरत)

सुरतेत राहून दोन पिढ्या झाल्या, तरी घरात अहिराणीच बोलतो, म्हणून लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो.

वाघासाठी सरथाणा नेचर पार्कला जा. ते शहराच्या पूर्वेकडे, कामरेजच्या रस्त्यावर आहे. आत सावली भरपूर आहे, वाटा सपाट आहेत आणि वाघ-सिंहांबरोबर पाणमांजरे आहेत. पाणमांजरांच्या प्रजननासाठी हे प्राणिसंग्रहालय प्राणिशास्त्रात ओळखले जाते, पण मुलांना त्याच्याशी काय करायचे? पाणमांजरे सारखी पळत आणि सूर मारत असतात, त्यामुळे झोपलेल्या वाघापेक्षा मुले त्यांच्यासमोर जास्त वेळ थांबतात. सकाळी उघडताच आत शिरलात तर प्राणी जागे असतात आणि गर्दीही नसते. पूर्ण बाग पाहण्याचा अट्टाहास करू नये. साडेअकराला बाहेर पडा, जेवा आणि खोलीवर जा.

दुसऱ्या दिवशी सिटीलाईट भागातले विज्ञान केंद्र आणि पाल येथील मत्स्यालय यांतले एकच काही निवडा. सहा वर्षांच्या मुलीला विज्ञान केंद्रात हात लावून पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण अडीच वर्षांच्या बाळाला मासेच बरे, म्हणून माझे मत मत्स्यालयाला. सरथाणा आणि पाल ही शहराची दोन टोके आहेत. एकाच दिवशी दोन्ही करण्याचा बेत कोणी सुचवला तर त्याने तो मुलांशिवाय केलेला असतो हे निश्चित समजावे. शिवाय मेट्रोच्या कामामुळे मधल्या रस्त्यांवर किती वेळ लागेल हे आम्हालाही सांगता येत नाही. ही ठिकाणे सोमवारी बंद असतात आणि रविवारी तिथे उभे राहायला जागा नसते. त्यामुळे सोमवारी दुपारी पोहोचून बुधवारी परतणे उत्तम. सोमवार असाही प्रवासात जाणारच.

सरकता जिना कोणत्याही मॉलमध्ये मिळेल. संध्याकाळी तासभर तेवढाच कार्यक्रम ठेवा, तिकीट लागत नाही आणि आजींसाठी लिफ्ट असते. जिन्यावर मुलीच्या पायात चप्पल किंवा रबरी क्रॉक्स असू नयेत, त्या दात्यांत अडकतात. बंद बूट घालावेत. धाकट्याला कडेवरच ठेवावे. डुमसचा किनारा सुचवणारे भेटतील, पण तिथले पाणी आणि वाळू मुलांना खेळवण्याजोगी नाही. चौकबाजारातला किल्ला नीट दुरुस्त केलेला आहे आणि मोठ्यांनी जरूर पाहावा, पण सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करता या वेळी राहू द्या.

खाण्याची चिंता नको. खिचडी-कढी कुठेही मिळते आणि ती मुलांना चालते. लोचो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला पदार्थ, मऊ असतो, फक्त वरचा मसाला टाकू नका असे आधी सांगावे. डिसेंबरमध्ये पोंक सुरू झालेला असतो. आपल्या हुरड्याचाच हा भाऊ, ज्वारीचे कोवळे दाणे शेव घालून देतात, सासूबाईंना आवडेल.

आता महत्त्वाचे, आणि हे कोणतेही प्रवासी पुस्तक सांगत नाही. खान्देशातल्या कोणत्या घराचे नातलग सुरतेत नाहीत? लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, कुठे तरी कोणी तरी असतेच. तुम्ही येणार हे एका घरी कळले की रात्रीपर्यंत पाच घरी कळते, मग पहिल्या दिवशी मावसदीर, दुसऱ्या दिवशी आतेसासू, आणि प्रत्येक घरी जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. प्रेमच असते ते, पण अडीच वर्षांच्या मुलाला प्राणिसंग्रहालयाऐवजी पाच अनोळखी घरांत पाया पडायला लावणे म्हणजे सहल नव्हे. एक तर परतल्यावर सांगा, नाही तर एका घरी एकच संध्याकाळ ठरवून तिथेच सर्वांना भेटून घ्या.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवला तेव्हा त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या की लिंबायतच्या नणंदेला न कळवता सुरतेत पाऊल ठेवणे त्यांच्याने होणार नाही. मलाही ते मान्य आहे. एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवू.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. खोली घेताना काय पाहावे? आणि सुरतेचे आरक्षण मिळालेच नाही, तर जवळपास दुसरे काही आहे का?

केळीच्या बागेतून (रावेर)

ताई, आरक्षण मिळाले नाही तर बऱ्हाणपूरला या. मध्य प्रदेशात असले तरी ते आपलेच शहर आहे. फारुकी सुलतानांच्या काळी खान्देशची राजधानी तिथेच होती. अमळनेरहून अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. गाडीने यायचे तर जळगावला किंवा भुसावळला बदलून खंडव्याकडे जाणारी गाडी धरावी, आणि रस्त्याने यायचे तर चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा सपाट मार्ग आहे; सातपुडा उजाडल्यापासून डाव्या हाताला दिसत राहतो, पण घाट एकही चढावा लागत नाही.

सरकता जिना आणि वाघ तिथे मिळणार नाहीत, हे मुलीला आधीच सांगावे. जे मिळते ते असे : तापीकाठचा शाही किल्ला आणि त्यातले हमामखाने. त्यांच्या छतांवर रंगीत नक्षी अजून टिकून आहे आणि घुमटाखाली टाळी वाजवली की आवाज घुमतो. मुलांना तेवढा खेळ अर्धा तास पुरतो. मुमताजमहलचे १६३१ मध्ये याच शहरात निधन झाले, ही गोष्ट सासूबाईंना आणि तुम्हाला ऐकायला बरी. किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूला मात्र मुलाचा हात क्षणभरही सोडू नका, खाली सरळ उतार आहे. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. शहरालगतच्या दर्गाह-ए-हकीमीच्या बागा अतिशय स्वच्छ आणि शांत आहेत, आणि चालण्याचा त्रास असलेल्यांना तिथे फार बरे वाटते.

कुंडी भंडारा ही १६१५ च्या सुमाराची, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळातली भूमिगत पाणीयोजना आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी ओळीने खोदलेल्या कुंड्यांतून शहरापर्यंत आणले होते. मोठ्यांनी लिफ्टने खाली उतरून ते पाहण्यासारखे आहे, परंतु खाली अंधार, ओल आणि अरुंद वाट असल्याने अडीच वर्षांच्या मुलाला नेऊ नये. एकाने वर थांबावे आणि आळीपाळीने जाऊन यावे. मावा जिलेबी गरम असताना खावी. धाकट्याला एकच, कारण ती जड असते.

प्रामाणिक मत असे की तुमच्या मुलीला हवे असलेले मोठे शहर हे नव्हे. ती आठ-नऊ वर्षांची होऊन इतिहास विचारू लागेल तेव्हा बऱ्हाणपूर तिला अधिक देईल. पण एका रात्रीच्या, कमी दगदगीच्या सहलीसाठी, आणि नातलगांच्या भीतीशिवाय, इतके जवळचे जुने शहर दुसरे नाही.

पांझराकाठ (धुळे)

वाघाच्या मुद्द्यावर मी हरलो, हे मान्य. खोलीविषयी तेवढे सांगतो, कारण आमची मुले याच वयाची आहेत. लिफ्ट आहे का, असे विचारून थांबू नये. ती चालू आहे का आणि वीज गेल्यावर जनरेटरवर चालते का, असे विचारावे, किंवा सरळ खालच्या मजल्यावरची खोली मागावी. पलंग भिंतीला टेकवता येतो का, जादा गादी देतात का, सकाळी आंघोळीला गरम पाणी किती वाजता सुरू होते, रात्री दहानंतर दूध गरम करून मिळेल का आणि खाली लग्नाचे सभागृह तर नाही ना, एवढे प्रश्न फोनवर विचारून घ्यावेत. लग्नसराईत तो शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. संधिवाताच्या आजींना कमोड असलेले न्हाणीघर लागेल, तेही आधी बोलून घ्यावे.

आणि खेळण्यांची पिशवी घरीच ठेवा. हॉटेलच्या बादलीने आणि मगाने मुले जितका वेळ खेळतात तितका वेळ कोणत्याही खेळण्याने खेळत नाहीत.

रुळावरचा माणूस (भुसावळ)

बोरीकाठ ताई, आता तिकिटे काढताना जाण्याच्या आधी परतीचे पाहा. जाताना मुले ताजी असतात, एखादा तास इकडेतिकडे झाला तरी निभावते. परतीच्या गाडीत जागा नसेल तर साऱ्या सहलीची चव जाते. बुधवारी सकाळी उशिराची किंवा दुपारी सुटणारी गाडी घ्या, म्हणजे धाकट्याची झोप गाडीतच होईल आणि दिवे लागेपर्यंत घर येईल. पहाटेची गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

डब्यासाठी दशम्या करा. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. मुलांना गूळ-तुपाबरोबर द्या आणि मोठ्यांना शेंगदाण्याची चटणी. परतीच्या प्रवासासाठी सुरतेतून साधा खाकरा घ्यावा. प्यायचे पाणी घरचेच न्यावे, सोबत एक थर्मास आणि क्षारसंजीवनीची पाकिटे असावीत. फलाटावर शिरण्यापूर्वी दोन्ही मुलांच्या खिशात तुमचा आणि यजमानांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मुलीला क्रमांक पाठ असला तरीसुद्धा, कारण घाबरल्यावर पाठ केलेले आठवत नाही. गाडीत काही अडचण आली तर १३९ आणि मूल दिसेनासे झाले तर १०९८ हे क्रमांक मोठ्यांच्या फोनमध्ये साठवून ठेवावेत.

सासूबाईंसाठी खालचा बर्थ मिळेल असा पर्याय तिकीट काढतानाच निवडा आणि त्यांचे वय अचूक भरा. लिंबायतच्या आत्यांना भेटण्याची संध्याकाळ पहिल्याच दिवशी, म्हणजे सोमवारी ठेवा. त्या दिवशी बागा बंदच असतात, आणि मंगळवारी सरथाण्याहून आल्यावर कोणालाही कोणाच्या घरी जाऊन जेवण्याची ताकद उरणार नाही.